इंद्रवेल्लीचे मृत कोणी मोजायचे?

१९८१ हे जनगणनेचे वर्ष होते. फेब्रुवारीच्या ९ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत प्रगणक देशभर दारोदार फिरले, आणि १ मार्चच्या सूर्योदयाची वेळ धरून भारतात माणसे किती याचा आकडा ठरला: अडुसष्ट कोटींहून थोडी अधिक. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आजच्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उटनूर भागातही प्रगणक गेले. गोंड, कोलाम, परधान, तोटी, नाईकपोड, आंध यांच्या वस्त्या त्यांनी मोजल्या. घरात माणसे किती, लिहिता-वाचता येते का, स्वतःची जमीन कसता की मजुरीला जाता, सारे कागदावर उतरले. त्यानंतर पन्नास दिवसांनी, २० एप्रिल १९८१ रोजी, याच भागातल्या इंद्रवेल्ली गावात पोलिसांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली? सरकारने सांगितले, तेरा. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा आकडा साठाच्या घरात गेला. शंभरावर माणसे मेली असे आदिवासी संघटना आजही म्हणतात. चार दशके उलटून गेली, तरी हे तीन आकडे एकमेकांसमोर तसेच उभे आहेत.

जिवंत माणसे कोटींनी मोजणाऱ्या शासनाला पन्नास दिवसांनी एका बाजाराच्या गावातली प्रेते मोजता आली नाहीत, हे मला पटत नाही. मोजण्याची इच्छा नव्हती म्हणून ती मोजली गेली नाहीत, असे माझे मत आहे. आणि ही जबाबदारी एकट्या सरकारवर टाकून आपल्याला, म्हणजे मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांना, मोकळे होता येणार नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

एखाद्या वर्षात देशात काय घडले आणि कोण गेले, याच्या याद्या आपण हौसेने करतो. डिसेंबर आला की सरत्या वर्षाचा मागोवा निघतो, वर्तमानपत्रांत रोज दिनविशेष छापून येतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सालवार घडामोडी असतात. १९८१ची यादी करायला बसले तर हात भराभर चालतो. फेब्रुवारीत मेलबर्नला पायचीत दिल्यावर गावसकर चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. पुढे कपिलने पाच बळी घेतले आणि सामना आपण जिंकला. त्याच महिन्यात न्यायमूर्ती छागला गेले. ३ मे रोजी नर्गिस गेली. जूनमध्ये ॲपल उपग्रह अवकाशात पोचला. बैलगाडीवर ठेवलेल्या त्या उपग्रहाचे छायाचित्र आजही सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जुलैत इन्फोसिस स्थापन झाली, तीही पुण्यात. अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर होते. महाराष्ट्रात अंतुले मुख्यमंत्री होते आणि वर्ष संपता संपता सिमेंटच्या प्रकरणाने त्यांची खुर्ची डळमळली होती. फेब्रुवारीतले बेहमईचे हत्याकांडही कोणत्याही यादीत असतेच, आणि तिथे मेलेले वीस जण हा आकडा त्यासोबत ठामपणे येतो. २० एप्रिलचा दिनविशेष काढून पाहा. बासरीवादक पन्नालाल घोष यांची पुण्यतिथी त्यात असते. ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती यांचा जन्मदिवसही सापडतो. परजा आदिवासींची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते, हे ज्यांनी आयुष्यभराच्या जाणत्या सहानुभूतीने लिहिले, तेच हे महांती. त्यांच्या जन्मतारखेलाच जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, ही ओळ मात्र त्या सदरात बहुधा नसते.

त्या वर्षाची आणखी एक नोंद मला फार बोचते. जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’ला सुवर्ण मयूर मिळाला. लेखन विजय तेंडुलकरांचे. बायकोच्या खुनाचा आळ आलेला आदिवासी लहान्या भिकू वकिलासमोरही तोंड उघडत नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यानेच सगळा चित्रपट भरून राहतो. जाणकारांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या योग्यच होत्या. तीन महिन्यांनी इंद्रवेल्लीत जे जमले होते ते तर बोलायला जमले होते. त्यांच्याकडे मागण्या होत्या, मोर्चा होता, व्यासपीठ ठरलेले होते.

त्या दिवशी सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रैतु कूली संघम या संघटनेने तिथे सभा बोलावली होती. तिच्यामागे मार्क्सवादी-लेनिनवादी गटाचे कार्यकर्ते होते, हे लपवण्याचे कारण नाही. मागण्या साध्या होत्या: कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्या, बाहेरच्यांनी बळकावलेल्या जमिनी परत करा, सावकाराचा आणि वनखात्याच्या माणसांचा जाच थांबवा. सभेला परवानगी नाकारली गेली, जमावबंदी लागू झाली. पण डोंगरातल्या वस्त्यांवर हुकूम पोचतो कधी आणि कसा? बाजारासाठी निघालेली माणसे आणि सभेसाठी निघालेली माणसे एकाच वाटेने येत होती, पुष्कळदा ती एकच होती. रस्त्यात त्यांना अडवले गेले, झटापट झाली. ठिणगी कशी पडली याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. जमावाने आधी हल्ला केला, असे पोलिसांचे म्हणणे. एका गोंड बाईशी पोलिसाने गैरवर्तन केले आणि तिथून प्रकरण पेटले, असे लोक सांगतात. एक पोलीस शिपाई मारला गेला, आणि गोळीबार झाला, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आंध्र प्रदेशात त्या वेळी टी. अंजय्यांचे सरकार होते, दिल्लीत इंदिरा गांधींचे.

गोळीबारातला सरकारी आकडा कसा तयार होतो, हे समजून घेतले पाहिजे. जे प्रेत पोलिसांच्या हाती लागते, ज्याचा पंचनामा होतो, जे शवविच्छेदनाला जाते, तेच मोजले जाते. नातेवाइकांनी खांद्यावर टाकून रानात नेलेले प्रेत त्यात येत नाही. पोटात गोळी घेऊन दहा कोस चालत घरी गेलेला आणि तिसऱ्या रात्री मेलेला माणूस त्यात येत नाही. दवाखान्यात गेलो तर पोलीस धरतील या धास्तीने झाडपाल्यावर राहिलेला जखमी त्यात येत नाही. शिवाय ज्यांच्या बंदुकीने मरण आले, त्यांच्याच हातात मोजणीची वही असते. म्हणून सरकारी तेरा हा मेलेल्यांचा आकडा मानता येत नाही. पोलिसांना सापडलेल्या मृतांचा तो आकडा आहे. मेलेल्यांची खरी मोज घ्यायची तर वस्तीवस्तीवर जाऊन, कोण गेला आणि परत आला नाही, हे विचारावे लागते. जनगणनेचा प्रगणक नेमके तेवढेच करतो. पद्धत अवघड नव्हती, आणि ती येणारी माणसे त्याच तालुक्यात होती.

आता मराठी माणसाचा संबंध कुठे येतो ते सांगतो. आदिलाबाद हा आपल्याला परका मुलूख नाही. १९५६पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्यात आले, आणि आज किनवट नांदेड जिल्ह्यात तर राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर नातीगोती आहेत, आदिलाबाद शहरात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गोंडांच्या बोलण्यात मराठी शब्दांची रेलचेल आहे. १९४०च्या दशकात मार्लवाईला गोंड मुलांसाठी शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. कारण या भागाला सर्वांत ओळखीचे अक्षर तेच होते.

पण याच ओळखीच्या वाटेने जमीनही गेली. इथली काळी जमीन कापसाची. रस्ते झाले, बाजार वाढला, तशी मराठवाडा-विदर्भाकडून शेतकरी कुटुंबे या जंगलपट्ट्यात येऊन स्थिरावू लागली. त्यांत मराठी कुणबी होते, व्यापारी होते, बंजारा होते; पूर्वेकडून तेलुगू शेतकरी येत होतेच. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात याच गोंडांसाठी निजामाच्या सरकारकडे जमीनवाटपाचा आग्रह धरला होता, आणि त्यातून सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले होते. तेच हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात परत आले. आपल्या डोळ्यांसमोर वाटलेली जमीन बिगर-आदिवासींच्या हाती गेलेली त्यांनी पाहिली, आणि १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर नोंद केली. कायदा नव्हता असे मुळीच नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा १९५९चा नियम तेलंगणाला लागू झाला होता. १९७०च्या दुरुस्तीने तो इतका कडक झाला की बिगर-आदिवासीला या पट्ट्यात जमीन घेणेच बेकायदा ठरले. ‘एक-सत्तर’ या नावाने तो कायदा इथल्या प्रत्येक खेड्याला माहीत आहे. जमीन तरीही जातच राहिली: कर्जापोटी, दारूच्या उधारीपोटी, एका कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापोटी.

त्यात १९७६चा केंद्राचा कायदा आला. लंबाडा, म्हणजे आपले बंजारा, तेलंगणातही अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात ते विमुक्त-भटक्या जमातींत गणले जातात. सरहद्द ओलांडली की सवलत बदलते, म्हटल्यावर पुष्कळ कुटुंबे ओलांडून गेली. त्यांना मी दोष देत नाही. तीही गरीब माणसे होती, पाठीवर बिऱ्हाड घेऊन जगणारी. पण आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर आता कायद्याच्या दृष्टीने तेही हक्कदार झाले, आणि मुळातच तुटपुंजी उरलेली जमीन गोंड-कोलामांच्या हातून आणखी सुटली. १९८१चा एप्रिल या सगळ्यानंतर येतो. इंद्रवेल्लीच्या सभेत ज्या जमिनी परत मागितल्या जाणार होत्या, त्यांतल्या काहींवर मराठी बोलणारी माणसे कापूस काढत होती. म्हणून मी म्हणतो की ‘शेजारच्या राज्यातली दुःखद घटना’ एवढे म्हणून आपल्याला पुढे जाता येणार नाही. १९८१च्या यादीतली ही नोंद आपल्याही खात्यावरची आहे.

आणि मृत मोजणे म्हणजे काय, हे मराठी समाजाला कोणी शिकवायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ हुतात्मे झाले, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. तो आकडा सरकारने दिलेला नाही. समितीच्या कार्यकर्त्यांनी, वर्तमानपत्रांनी, मोहल्ल्यांनी, चाळींनी एकेक नाव धरून ठेवले. नावांच्या याद्या छापल्या, स्मारक उभे केले, आणि पुढे १०५ की १०६ यावर वादही घातला. एका नावासाठी वाद घालणारा हा समाज आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. मेले किती? ११४. विदर्भात कोणालाही विचारा, हाच आकडा येईल. गोवारी गरीब होते, गुराखी होते, मंत्रालयात त्यांचे कोणी नव्हते. तरीही त्यांचे ११४ अढळ राहिले, कारण उपराजधानीच्या रस्त्यावर, पत्रकारांच्या डोळ्यांदेखत ते मेले, आणि त्यांच्या लोकांनी दरवर्षी त्या जागी यायचे सोडले नाही. इंद्रवेल्लीच्या तेरा आणि साठ यांच्यामध्ये सत्तेचाळीस माणसे आहेत. त्यांच्यासाठी आपल्या एकाही व्यासपीठावर वाद झाला नाही.

इंद्रवेल्लीला ‘दुसरे जालियनवाला’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. भावना समजते, पण ही उपमा मला अपुरी वाटते. जालियनवाला बागेनंतर ब्रिटिश सरकारने हंटर समिती नेमली. तिच्यात मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते आणि त्यांनी डायरची उलटतपासणी घेतली. काँग्रेसने स्वतःची वेगळी चौकशी केली. तिच्यात गांधीजींसोबत मुकुंदराव जयकर होते. शहरातल्या लोकांनी पुढे येऊन मेलेल्यांची माहिती द्यावी असे सांगण्यात आले आणि त्यातून ३७९ हा सरकारी आकडा निघाला. काँग्रेसने तो नाकारला, हजाराच्या आसपास माणसे मेल्याचे सांगितले. आकड्यावर भांडण राहिले, पण दोन्ही बाजू मोजायला तरी बसल्या. परक्या साम्राज्याने अमृतसरात जेवढे केले, तेवढे स्वतंत्र भारताने इंद्रवेल्लीत करायला हवे होते, ही मागणी जास्त आहे का?

उलट इंद्रवेल्लीत मृतांची आठवण काढणेच गुन्ह्यासारखे झाले. गावाबाहेर लोकांनी लाल स्तूप उभारला. १९८६मध्ये तो स्फोटाने उडवण्यात आला. पुढे तो पुन्हा बांधला गेला, पण कित्येक वर्षे २० एप्रिल आला की जमावबंदी लागायची, पहारा बसायचा, आणि ज्यांची माणसे गेली त्यांनाच त्या स्तूपापाशी जायला बंदी असायची. ती बंदी पुढे हळूहळू सैलावली. २ फेब्रुवारी २०२४ रोजी तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी स्तूपाला पुष्पांजली वाहिली आणि मृतांच्या कुटुंबांसाठी मदत जाहीर केली. त्यांचे हे पाऊल मी मोलाचे मानतो. पण कुटुंबांना मदत द्यायची म्हटली की आधी यादी लागते. कोणत्या यादीने कुटुंबे ठरवायची? तेरांची यादी धरली तर बाकीच्यांचा मृत्यू दुसऱ्यांदा नाकारला जातो.

आदिलाबादच्या इतिहासात हे नवीन नाही, म्हणून ते जास्त गंभीर आहे. निर्मलला १८६०मध्ये रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना एका वडाला फासावर लटकवले, असे लोकपरंपरा सांगते. त्या झाडाचे नावच हजार फासांचा वड. त्यातले खरोखर किती, कोणाची नावे काय, कागदोपत्री फारसे हाती लागत नाही. १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी कोमरम भीमला मारले. जल, जंगल, जमीन ही आज देशभर दिली जाणारी घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. त्याच्यासोबत किती जण पडले, याचेही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. इतकेच काय, तो मेला ती तारीखसुद्धा कोणी १ सप्टेंबर सांगतो, कोणी ऑक्टोबरातली. १९४०च्या घटनांच्या कोणत्याही यादीत लाहोरचा ठराव असतो, उधमसिंगांची फाशी असते, डॉ. हेडगेवारांचे निधन असते, १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी सुरू केलेला वैयक्तिक सत्याग्रह असतो. भीमचे नाव त्या याद्यांत शिरायला कित्येक दशके लागली. आज हैदराबादेत हुसेनसागराच्या बांधावर त्याचा पुतळा आहे, २०१६पासून आसिफाबाद जिल्ह्याला त्याचे नाव आहे, आणि अलीकडे तर एका गाजलेल्या चित्रपटाने ते नाव जगभर नेले. जोडेघाटला मात्र लोक तारखेच्या भानगडीत पडत नाहीत. ते आश्विनी पौर्णिमेला जमतात. आपल्या घरांत कोजागिरीचे दूध आटत असते, त्या दिवशी तिथे भीमचे स्मरण चाललेले असते.

भीमच्या मृत्यूनंतर निजामाच्या सरकारला निदान एवढे कळले, की हे लोक का उठले ते विचारले पाहिजे. हायमेनडॉर्फ आदिलाबादेत आले ते त्यातूनच. केसलापूरच्या नागोबा जत्रेत १९४२पासून दरबार भरू लागला: अधिकारी बसणार, आदिवासी गाऱ्हाणी मांडणार, शक्य तो निकाल तिथेच लागणार. हा दरबार आजही भरतो. केसलापूर इंद्रवेल्लीला लागून आहे. १९८१च्या एप्रिलात सरकारपुढे दोन नमुने होते, दोन्ही याच मातीतले: जोडेघाटचा आणि केसलापूरचा. त्याने जोडेघाटचा निवडला.

त्याच केसलापूरची दुसरी एक गोष्ट मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्यातल्या अमावास्येला नागोबाची महापूजा होते. तिचा मान मेसराम कुळाचा. हे लोक आधी पायी गोदावरीपर्यंत जाऊन पाणी आणतात. जत्रेच्या त्याच दिवसांत कुळातल्या दिवंगतांसाठी ‘तूम’ हा विधी होतो. नव्याने घरात आलेल्या सुनांची देवाला ओळख करून दिली जाते. म्हणजे कोण आले आणि कोण गेले याचा हिशेब हे कूळ देवासमोर मांडते. या हिशेबात मोठा-छोटा नाही. गेलेला पटेल होता की गुराखी, गावाबाहेर कोणी त्याचे नाव ऐकले होते की नाही, हे कोणी विचारत नाही. आपल्या वर्षअखेरीच्या याद्या याच्या नेमक्या उलट असतात: जो आधीच प्रसिद्ध होता त्याचेच मरण नोंदवण्याजोगे. एकट्या-दुकट्या मृत्यूंपुरता हा नियम चालवून घेता येईल, कारण पानाला मर्यादा असते. पण राज्यसंस्थेने घेतलेल्या जिवांना हा नियम लावणे अन्यायाचे आहे. तो मृत्यू खाजगी नसतो. तो आपल्या करातून पगार घेणाऱ्या हाताने, आपल्या नावाने झालेला असतो. त्याची नोंद ठेवणे हे प्रजासत्ताकाचे देणे आहे, आणि त्यासाठी मृत माणूस ‘उल्लेखनीय’ असण्याची अट घालता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. ती सभा नक्षलवाद्यांच्या प्रभावाखालची होती, हा पहिला. असेल. पण मृतांची गणना म्हणजे त्यांच्या राजकारणाला पाठिंबा नव्हे. बेहमईत मेलेल्यांची नावे लिहिताना कोणी त्यांच्या जातीच्या जमीनदारीचा हिशेब मागितला नाही, आणि मागायलाही नको होता. त्या सोमवारी मारला गेलेला पोलीस शिपाईही माझ्या मते यादीत हवा. तोही कुणाच्या घरचा मिळवता होता, आणि त्यालाही त्या जागी कोणी तरी उभे केले होते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: शंभरावरचा आकडा तरी कशावरून? इथे आदिवासींच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांशीही मला स्पष्ट बोलायचे आहे. घोषणेत मोठा आकडा शोभतो, पण नावांचा आधार नसलेला मोठा आकडाही मेलेल्यांना पुसतो. ‘शेकडो’ म्हटले की एकाचाही चेहरा उरत नाही, आणि समोरच्याला सगळेच खोटे म्हणायची सोय होते. चौसष्ट नावे सापडली तर चौसष्ट म्हणा, एकशे सात सापडली तर एकशे सात म्हणा, एकोणचाळीस सापडली तरी ती तेरांच्या तिप्पट आहेत. लढाई आकड्याच्या आकारावर लढायची नाही, त्यातल्या प्रत्येक नावाच्या खरेपणावर लढायची आहे.

मागणी म्हणून तीनच गोष्टी आहेत. तेलंगणा सरकारने १९८१ची कागदपत्रे खुली करावीत: पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, त्या दिवशी दवाखान्यात दाखल झालेल्यांच्या नोंदवह्या. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, सिरपूर या भागांत वस्तीनिहाय विचारणा करून मृतांची यादी करावी आणि ती स्तूपावर कोरावी, देवनागरीत, तेलुगूत, आणि याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी ज्या लिपीची हस्तलिखिते सापडली त्या गोंडी लिपीतही. आणि किनवट, माहूर, राजुरा, जिवती, पांढरकवडा इथल्या महाविद्यालयांनी हे काम तेलंगणाचे म्हणून सोडून देऊ नये. त्या गोळीबारातून पळालेली माणसे नदी ओलांडून नातेवाइकांकडे आली असणार, आणि अशा आठवणी घरोघर विचारल्याशिवाय वर येत नाहीत.

वेळ थोडा आहे. त्या दिवशी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीत आहे. इंद्रवेल्लीच्या बाजारात त्या सोमवारी केवळ गोंड नव्हते. कापड विकणारे होते, मीठ-मिरची मांडून बसलेले होते, बसचे चालक-वाहक होते, शाळामास्तर होते, औषधांच्या दुकानात काम करणारे होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची घरची भाषा मराठी होती. त्यांनी कोण पडले ते पाहिले, ओळखीच्या गिऱ्हाइकांपैकी कोण पुढच्या सोमवारी आला नाही हे त्यांच्या लक्षात आले. ते तेव्हा बोलले नाहीत, कारण भीती होती. आता त्या भीतीचे कारण उरलेले नाही. आदिलाबादेत, किनवटात, यवतमाळात, नांदेडात अशी वडीलधारी माणसे ज्या घरांत आहेत, त्या घरांतल्या मुला-नातवंडांना माझी विनंती आहे: त्यांच्याजवळ बसा, २० एप्रिल १९८१ला ते कुठे होते हे विचारा, आणि ते जी नावे सांगतील ती, गावासह, त्यांच्या हयातीतच लिहून घ्या.